सात जणांची हजेरी

"येत्या ऐतवारी मी मरते," आत्या म्हणाल्या. "दुपारच्या तीनला. समद्यांना सांग."

मी नुकतीच कामावरून आले होते. चप्पलसुद्धा काढली नव्हती. कुरकुंभला एका कंपनीच्या कँटीनमध्ये मी चपात्या लाटते. पहिल्या पाळीला चारशे माणसं जेवतात, आणि पाळी संपते तेव्हा खांद्याखाली हात आहेत की गेले हे बघून खात्री करावी लागते. अशा वेळी घरात शिरताना माणसाला एवढंच ऐकायचं असतं की चहा ठेवलाय. तो कधीच कुणी ठेवलेला नसतो.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आक्काबाई. वय चौऱ्याऐंशी. खाटेवर उशांना टेकून दाराकडं तोंड करून बसल्या होत्या, म्हणजे माझीच वाट बघत.

"बरं," मी म्हणाले. "आणखी काही?"

"चेष्टा न्हाई, गौतमी. मी चादर घिऊन निजते, तुम्ही गानं म्हना. एकडाव नीट बसवून घिऊ. मंग खरी मराया मी मोकळी."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. नोव्हेंबरात त्यांच्या छातीत पाणी झालं होतं. आठ दिवस दौंडच्या दवाखान्यात होत्या. घरी आल्या त्या निम्म्या होऊन आल्या. तेव्हापासून माझी मुलगी धनश्री त्यांच्या शेजारी झोपते.

धनश्री आतून म्हणाली, "आज्जी, त्यापेक्षा मोबाइलवर रेकॉर्ड करू. कायमचं राहील."

"तुजा मोबाइल ‘हाय’ म्हनंल का?" आत्या म्हणाल्या.

आमच्या गाण्याला नाव नाही. वस्तीत त्याला नुसतं ‘गाणं’ म्हणतात आणि ते फक्त माणूस मेल्यावर म्हणतात, म्हणून त्याचा विषय सहसा कुणी काढत नाही. पण ज्याला ठाऊक नाही त्याला सांगायलाच हवं.

आत्यांचे सासरे शंकरराव फौजेत होते. दुसऱ्या महायुद्धात शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतली आमची सात माणसं एका पलटणीत होती. सातही जपान्यांच्या हाती लागली आणि तीन वर्षं कुठल्याशा बेटावर कैदेत पडली. बेटाचं नाव शंकररावांना कधी नीट सांगता आलं नाही. ते म्हणायचे, तिथं दोनच गोष्टी होत्या, चिखल आणि हजेरी. सकाळी हजेरी व्हायची. जेवढे ‘हाय’ म्हणतील तेवढ्यांचा भात मिळायचा. नाव पुकारल्यावर दोन श्वासांत उत्तर आलं नाही, तर ते नाव कटलं.

सातांतला पहिला माणूस गेला तो रात्री, हगवणीनं. त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला पहाटे कळलं. त्यानं कुणालाच सांगितलं नाही. हजेरीला नाव आल्यावर त्यानंच आवाज बदलून ‘हाय’ म्हटलं. मेलेल्याचा भात आला. सहा जणांनी वाटून खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं. तिसऱ्या दिवशी मात्र लपवणं शक्य नव्हतं.

भात खाल्ला, पण तो खाली उतरेना. त्याच्या मरणावर आपण दोन दिवस जगलो, त्याला काहीतरी द्यायला पाहिजे, असं सगळ्यांना वाटलं. देण्यासारखं काय होतं? लाकूड नाही, वाजंत्री नाही, फूल नाही. मग त्यांनी गाणं बसवलं. ढोलकी कुठली आणायची, टाळी वाजवली तरी पहारेकरी काठी घेऊन यायचे. म्हणून सगळं ओठ मिटून, घशातल्या घशात. एकानं सूर धरायचा. दोघांनी ठेका द्यायचा, तोही घशातच. बाकीच्यांनी चाल म्हणायची. उपाशी माणसांनी बसवलेलं गाणं ते. त्यात लांब तान नाही, उंच जागा नाही. एकाचा दम संपला की दुसऱ्यानं उचलायचं, म्हणजे सगळ्यांना पुरतं.

आणि जो मेलेल्याच्या शेजारी झोपायचा, त्यानं गायचं नाही. त्यानं गप्प बसायचं. गाणं मधेच थांबतं. सूर धरणारा मेलेल्याचं नाव पुकारतो, आणि तो शेजारी दोन श्वासांच्या आत म्हणतो, "हाय." मग सूर पुन्हा सुरू होतो आणि गाणं संपतं.

सातांतले तिघं परत आले. शेवटी शेवटी एक सूर धरायचा, एक चाल म्हणायचा आणि एक गप्प बसायचा, असं शंकरराव सांगत. गावी आल्यावर त्यांनी पुन्हा सात पुरे केले, बायकांना घेऊन, कारण पुरुष सगळे गिरण्यांत नाहीतर रेल्वेत. पहिल्यांदा गाण्याला शब्द होते, देवाच्या नावाचे. छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा वस्तीनं म्हटलं, हे बंद करा. शंकरराव म्हणाले, शब्द काढून टाका, ते काही आमचे नव्हते. शब्द गेले. चाल राहिली, नाव राहिलं आणि ‘हाय’ राहिलं.

नियम दोन. एक, सराव करायचा नाही. जिवंत घरात ते म्हणायचं नाही. मयताला जायचं, जाणत्याशेजारी बसायचं आणि कानानं उचलायचं. मी लग्न होऊन आले अठ्ठ्याण्णव साली, आणि अकरा मयतांत शिकले. दुसरा नियम, मयत समोर पाहिजे.

या दुसऱ्या नियमाबद्दल मला नीट लिहिता येणार नाही, पण लिहिते.

माझे मालक महेंद्र वायरमन होते. एकवीस सालच्या एप्रिलात त्यांना पुण्याला नेलं आणि सहाव्या दिवशी फोन आला. तोंड बघायला मिळालं नाही. पिशवी लांबून दाखवली. अग्नीही तिथंच दिला, तिथल्याच माणसांनी. मी आणि धनश्री टेंपोत बसून परत आलो. वस्तीतली सगळी दारं बंद होती. पण गाणारे होते अजून, पुरेसे होते. मी आत्यांना म्हणाले, आपण म्हणू या, दार लावून म्हणू, लांब लांब बसून म्हणू.

आत्या म्हणाल्या, "मयत समोर न्हाई. तसं चालत न्हाई."

त्यांचाही तो मुलगा होता, एकुलता एक. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून राग कमी होतो असं ज्यानं सांगितलं, त्याच्या घरी कुणी गेलं नसावं.

तेव्हापासून मी गायले नाही. मयताला जाते, रांगेत बसते, मान खाली घालते. ओठ मिटूनच म्हणायचं गाणं, त्यामुळं गौतमी म्हणत नाही हे कुणाच्या लक्षात येणार? आत्यांच्या आलं. त्या एका शब्दानं काही बोलल्या नाहीत, आणि मीही नाही. पाच वर्षं एका घरात, एका चुलीवर. "मीठ कमी हाय," "गोळी घेतली का," "लाइट गेली." बाकी सगळं तोंडाला कुलूप.

आणि आता म्हणे ऐतवारी मरते.

"सूर तू धरायचा माझ्यामागं," आत्या म्हणाल्या. "उशापाशी बस, म्हंजी कळंल."

"मला नाही जमायचं."

"जमंल."

मी चहा ठेवायला गेले. या घरात भांडण करायचं तर आधी अंगात जोर पाहिजे, आणि तो मी कँटीनमध्ये ठेवून येते.

पण निरोप मी दिले. का दिले, विचारू नका. सवय झाली आहे सांगितलेलं काम करायची. शेजारच्या तानुबाईंना सांगितलं, त्या आत्यांच्या बरोबरीच्या, ठेका देतात. त्यांची सून नीलम चाल म्हणते. सोपानराव गुरुजी निवृत्त झाल्यापासून वस्तीत वंदना घेतात आणि चालही म्हणतात. त्यांनी नेहमीप्रमाणे सुनावलं की वंदना असताना हे जुनं कशाला, आणि नेहमीप्रमाणे विचारलं की किती वाजता.

राहिले म्हाळूभाऊ. ठेक्याचा दुसरा आवाज त्यांचा. शिरूरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते, आता तिथंच मुलाजवळ राहतात आणि फोन उचलत नाहीत. गुरुवारी माझी सुट्टी असते. सुट्टीचा उपयोग झोपण्यासाठी करावा असं मला गेली कित्येक वर्षं वाटतंय. चौफुल्याला जाऊन शिरूरची गाडी धरली. उसाचा हंगाम, त्यामुळं रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, आणि त्यांच्यामागं आमची गाडी पायी चालल्यासारखी. न्हावऱ्यापर्यंत उभी होते. शिरूरचा डेपो दिसला तेव्हा पाय गळून गेले होते.

म्हाळूभाऊ ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मी सगळं सांगितलं.

"जित्या मान्सावर गानं?" ते म्हणाले. "वहिनी, पाप लागंल."

"पाप आपल्यात नसतं, भाऊ."

"तेबी खरंच." त्यांनी तळहातावर आणखी तेल घेतलं. "मंग भ्या वाटतं म्हना. आक्का गेली तर सूर कोन धरनार? मला सपनात बी ह्योच इचार येतो. आमी दोगं ठेका देतोय, देतोय, आन् वर कायच न्हाई."

"त्यासाठीच बोलावलंय."

"तू धरनार?"

त्यांच्या सुनेनं चहा आणला. एवढ्या लांब आल्याचं तेवढंच काय ते मिळालं, पण चहा चांगला होता.

"महेंद्राच्या टायमाला मी आलो असतो बघ," म्हाळूभाऊ एकदम म्हणाले. "शिरूरवरनं चालत आलो असतो. आक्का न्हाई म्हनली."

"ठाऊक आहे," मी म्हणाले आणि कप खाली ठेवला.

रविवारी मी रजा घेतली. आत्यांनी सकाळीच अंघोळ केली. पांढरी साडी नेसल्या. धनश्रीकडून वेणी घालून घेतली. मरायला निघालेल्या बाईचा एवढा उत्साह मी कधी बघितला नव्हता. तीन वाजता सगळे जमले. तानुबाईंनी झेंडूचा हार आणला होता.

"हार नगं गं," आत्या म्हणाल्या. "शिंका येत्यात."

"मढ्याला शिंका येत्यात व्हय?" तानुबाई म्हणाल्या, आणि नीलमला हसू फुटलं. सोपानराव गुरुजींनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं.

खाट बाजूला सरकवली, खाली सतरंजी टाकली, तीवर आत्या आडव्या झाल्या. पायांचे अंगठे त्यांनी स्वतःच जवळ घेतले. धनश्री त्यांच्या उजव्या हाताला बसली, कारण आता शेजारी झोपणारी ती. ‘हाय’ तिनं म्हणायचं होतं. मला आत्यांनी उशापाशी बसवलं. वर भिंतीला महेंद्रचा फोटो. मी त्याच्याकडं पाठ करून बसले.

चादर घ्यायच्या आधी तानुबाईंनी शंका काढलीच.

"आक्का, पन मयत समोर पायजे. त्यो नियमच हाय. तू तर टकाटका बघतीस."

"कुनी केला नियम?"

"मोठ्या म्हाताऱ्यानं. तुज्या सासऱ्यानं."

"मामंजींनी न्हाई केला." आत्या छताकडं बघून बोलत होत्या. दर चार शब्दांनी थांबत होत्या. "तिथं मयत समोर कुठं व्हतं? मयत दिसलं तर भात बंद. ते मागल्या झाडीत न्हिऊन ठिवायचे, पाल्याखाली. हिकडं हजेरी व्हायची. भात यायचा. मंग गानं. मयताबिगर. तिथं गेलेल्या चौगांतल्या एकाचंबी मयत समोर नव्हतं. मामंजींनी मला धा येळा सांगितलं व्हतं. हितं गावात मयत समोर असायचंच, म्हनून आपल्याला वाटलं की पायजेच."

तानुबाईंनी हातातला हार खाली ठेवला.

"मला दवाखान्यात आठवलं," आत्या म्हणाल्या. "नाकात नळी व्हती तवा. आधी नव्हतं आठवलं. त्या वक्ताला मी लई भ्याले व्हते, काय सुचत नव्हतं. जे पाठ व्हतं ते बोलले."

सगळ्यांना कळलं. कुणीही माझ्याकडं बघितलं नाही. सोपानराव चष्मा पुसू लागले, म्हाळूभाऊंनी गुडघा चोळायला घेतला. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

पाच वर्षं. चार भिंती होत्या, दार होतं, माणसं होती. शिरूरहून एक माणूस चालत यायला तयार होता. आणि जे गाणं मुळात मयत समोर नसलेल्या माणसांसाठीच बसवलं, ते मयत नाही म्हणून आम्ही म्हटलं नाही. मला ओरडायचं होतं. ओट्यावरचं पातेलं घेऊन आपटायचं होतं. पातेलं मी उचललंही. मग लक्षात आलं की आपटलं तर पोचा मलाच काढून आणायला लागेल, आणि ते खाली ठेवलं. रडूही आलं नाही. रडायलाही अंगात काहीतरी लागतं.

धनश्री दारात आली. "मम्मी, आज्जीनं चादर घेतली. चल ना."

"तू बस. येते."

"तिला जास्त वेळ झोपून जमत नाही. धाप लागते."

म्हाळूभाऊंची परतीची गाडी पाचला होती. मी तोंडावर पाणी मारलं आणि येऊन उशापाशी बसले. मनाशी ठरवलं, बसायचं तेवढं बसू. तोंड उघडायचं नाही. शिकायचं नाही. सूर त्यांच्याबरोबर जाऊ दे. चादरीखाली आत्या फार लहान दिसत होत्या. धनश्री शाळेत असताना झोपायची तेवढ्या.

मग चादरीतून सूर आला.

पाच वर्षांत मी तो ऐकला होता, पण आत शिरू दिला नव्हता. मोटार लांब कुठंतरी चालू असावी तसा तो, खालचा, जाडसर, नाकात नाही आणि छातीतही नाही. ठेका आला. म्हाळूभाऊ आणि तानुबाई, ओठ मिटलेले, गळ्याची शीर हलताना दिसत होती. मग नीलमनं चाल घेतली, गुरुजींनी तिला धरलं. दोघांचे दम आखूड पडत होते, तिसऱ्याची जागा रिकामी होती. ती जागा माझी होती. मी मान खाली घातली.

आत्यांचा सूर तुटला. चादरीखाली श्वास आत ओढल्याचा आवाज आला. ठेका चालू राहिला, म्हाळूभाऊंनी माझ्याकडं बघितलं. त्यांचं स्वप्न त्यांच्या डोळ्यांत मला सरळ दिसलं. मी बघितलं नाही असं केलं. आत्यांनी सूर परत धरला. पुन्हा तुटला. पुन्हा धरला, आता अगदी बारीक.

मला वाटलं, बास आता. कुणीतरी थांबवा हिला. माझ्याच्यानं राग धरवत नव्हता आणि सोडवतही नव्हता. दोन्हीला मी थकले होते.

मग गाणं थांबलं, नाव पुकारायच्या जागी. धनश्रीनं ओढणीचं टोक घट्ट धरलं. आज्जीचं नाव येणार, आणि आपण ‘हाय’ म्हणायचं. तिचे ओठ उघडले होते. चादर वर झाली, खाली झाली. आत्या दम गोळा करत होत्या.

"म्हेंदर दगडू," आत्यांनी पुकारलं.

आवाज मोठा निघाला. एवढा दम त्यांच्यात कुठं शिल्लक होता देव जाणे. पलटणीत पुकारतात तसं, नाव आणि बापाचं नाव. त्या त्याला म्हेंदरच म्हणायच्या. पाच वर्षांत या घरात ते नाव कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

धनश्रीचे ओठ मिटले. तिनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनी बघितलं. जो शेजारी झोपायचा, त्यानं गप्प बसायचं, आणि नाव आल्यावर उत्तर द्यायचं. तेवीस वर्षं मी झोपले त्याच्या शेजारी. डाव्या कुशीवर झोपायचा, उशीखाली हात घालून. खांबावरून उतरून आलेला असला की अंगाला ऊन आणि चिकटपट्टीचा वास यायचा, अंघोळ केली तरी. मी ओरडायची त्यावरून. पुण्याला त्या सहा रात्री त्याच्या शेजारी कोण होतं, मला ठाऊक नाही.

एक श्वास गेला.

दोन श्वासांत उत्तर आलं नाही, तर नाव कटतं.

"हाय," मी म्हणाले.

ते नीट निघालंच नाही. कुणाला ऐकू गेलं की नाही कळेना. म्हणून मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, त्या खोलीत ओरडून म्हणावं तसं, "हाय. हाय. हाय." एकदाच म्हणायचं असतं. नियम मोडला. धनश्री तोंडावर ओढणी घेऊन रडत होती आणि तानुबाई मान हलवत होत्या.

आता सूर यायला पाहिजे होता, गाणं संपवायला. चादरीतून काहीच आलं नाही. नुसती धाप. चादर भराभर वरखाली होत होती. म्हाळूभाऊंनी ठेका धरला, तानुबाईंनी धरला. ते देत राहिले, देत राहिले, आणि वर काही नव्हतं.

मी ओठ मिटले आणि सूर धरला.

तो थरथरत होता. रडू आणि सूर एकाच वाटेनं येत होते, एकमेकांना जागा देत नव्हते. तरी नीलमनं तो पकडला, गुरुजींनी पकडला, चाल पुढं सरकली. धनश्रीनंही हळूच आवाज मिसळला. तिला चाल येते हे मला ठाऊक नव्हतं. कुठल्या मयतात शिकली होती कोण जाणे.

चादरीतून आत्यांचा हात बाहेर आला. चाचपडत माझ्या गुडघ्यापर्यंत पोचला आणि तिथं दोनदा आपटला, लहानपणी मास्तर आपटायचे तसा.

"खाली घे," चादरीतून त्या म्हणाल्या. "लई वर धरलाय. दम पुरायचा न्हाई."

मी सूर खाली घेतला.